मोटारगाडीतील ध्वनियोजनेचा इतिहास : मिडबास स्पीकरच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
मोटारगाडीतील ध्वनियोजनेचा इतिहास सामान्यतः रेडिओ, टेप, सीडी अशा साधनांच्या क्रमाने सांगितला जातो. प्रत्येक नवे साधन म्हणजे गुणवत्तेतील पुढचे पाऊल, असे त्यात गृहीत धरलेले असते. वस्तुतः श्रोत्याच्या कानापर्यंत काय पोहोचते हे स्पीकर कोठे व कसा बसविला आहे यावरही तितकेच अवलंबून असते. साधारण ८० ते ३०० हर्ट्झ या 'मिडबास' पट्ट्याच्या बाबतीत हे विशेषत्वाने जाणवते. पुरुषी आवाजाचा भारदस्तपणा आणि ढोलाच्या ठोक्याचा भरीवपणा याच पट्ट्यात असतो. या पट्ट्याचा प्रश्न हा मूलतः जागेचा व बसवणुकीचा प्रश्न आहे, हे ऐतिहासिक क्रमाने दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

एका स्पीकरचा काळ :
आधुनिक स्पीकरचा पाया अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये घातला. चुंबकीय क्षेत्रातील तारेच्या वेटोळ्याने पडदा हलविण्याची त्यांची पद्धत आजही प्रचलित आहे. १९३० मध्ये शिकागोच्या गॅल्विन मॅन्युफॅक्चरिंग कॉर्पोरेशनने 'मोटोरोला' या नावाने मोटारीचा रेडिओ बाजारात आणला, तर युरोपात १९३२ मध्ये ब्लाउपुंक्टने तसाच प्रयत्न केला. या काळातील प्रमुख अडचण इंजिनाच्या ठिणगीमुळे होणाऱ्या खरखरीची होती. बातम्या व गाणी स्पष्ट ऐकू येणे एवढीच अपेक्षा असल्याने लहान स्पीकर पुरेसा मानला जाई. भरीव ध्वनीचा प्रश्न तेव्हा उपस्थितच झाला नाही.

दरवाजा हे नवे स्थान :
ब्लाउपुंक्टने १९५२ मध्ये एफ. एम. रेडिओ मोटारीत आणला आणि फोर्ड कंपनीने १९६६ च्या मॉडेल्समध्ये एट-ट्रॅक टेपची सोय दिली. ध्वनीमुद्रणाची प्रत सुधारली. तसेच स्टिरिओमुळे डावा व उजवा स्पीकर वेगळा बसविणे आवश्यक झाले. मागील काचेखालची फळी आणि पुढचे दरवाजे ही त्यासाठीची सोयीची स्थाने ठरली. मात्र दरवाजा ध्वनीसाठी घडविलेला नव्हता. काच सरकण्याची यंत्रणा, पाणी निचरण्याची छिद्रे आणि पातळ पत्रा यांनी तो व्यापलेला असतो.

पडद्याच्या मागील बाजूने निघणारी लहर पुढील लहरीच्या नेमकी विरुद्ध असते. दरवाजाच्या उघड्या छिद्रांतून ती आत आली की दोन्ही परस्परांना खोडून काढतात. ८० हर्ट्झच्या लहरीची लांबी सव्वाचार मीटरच्या आसपास असल्याने ती सहज वळसा घालून येते. अतिमंद्र स्वरांना बंद गाडीच्या पोकळीचे काही साहाय्य मिळते आणि तीव्र स्वर लहानशा ट्वीटरमधूनही नीट निघतात. मिडबासला मात्र यांपैकी कोणताच आधार पुरेसा मिळत नाही.

निवडीचे शास्त्र :
ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि सिडनी येथे संशोधन करणाऱ्या रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी स्पीकर व त्याची पेटी यांचा संबंध गणिताने मांडला. त्यामुळे स्पीकर त्याच्या जागेसह विचारात घेण्याची दृष्टी मिळाली. दरवाजा ही मोठी व पूर्णपणे बंद न होणारी पोकळी असल्याने, लहान पेटीतील हवेच्या दाबावर विसंबणारा स्पीकर तेथे उणा पडतो. ज्याचा 'एकूण क्यू' ०.५ ते ०.७ च्या दरम्यान आहे, असा साडेसहा इंची स्पीकर तेथे सामान्यतः अधिक अनुरूप ठरतो. १९८३ च्या मॉडेल्ससाठी जनरल मोटर्सने अमर बोस यांच्या कंपनीसह विशिष्ट गाडीच्या अंतर्भागानुसार जुळविलेली ध्वनियोजना दिली. गाडी हीच स्पीकरची पेटी होय, या विचाराला त्यातून औद्योगिक मान्यता मिळाली.

बसवणुकीचे कौशल्य :
ध्वनी उणा वाटल्यास अधिक शक्तीचा ॲम्प्लिफायर घेण्याकडे ग्राहकाचा कल असतो. परंतु शक्ती दुप्पट केल्याने केवळ ३ डेसिबलची वाढ होते आणि परस्परांना खोडणाऱ्या लहरी दोन्ही सारख्याच वाढतात. म्हणून आधी आतील पत्र्याची छिद्रे बंद करणे, बाहेरच्या पत्र्याला कंपनरोधक थर देणे आणि स्पीकर भक्कम कड्यावर घट्ट बसविणे आवश्यक असते. निचऱ्याची छिद्रे मात्र मोकळीच ठेवावी लागतात. स्वर एक सप्तक खाली गेला की तेवढ्याच आवाजासाठी पडद्याला चौपट हालचाल करावी लागते. त्यामुळे ८० हर्ट्झच्या आसपास खालचे स्वर तोडून ते सबवूफरकडे सोपविणे हितावह असते. दूरचा स्पीकर ७० सेंमी अधिक अंतरावर असेल, तर त्याचा ध्वनी चालकाकडे २ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो आणि २४५ हर्ट्झच्या सुमारास स्वर क्षीण होतो. जवळच्या स्पीकरला तितकाच विलंब दिल्यास हा दोष बराच कमी होतो. एखाद्या स्पीकरच्या तारा उलट जोडल्या गेल्या, तर मात्र उंची स्पीकरही पोकळ वाजतो.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून असे दिसते की, ध्वनीचे साधन प्रत्येक टप्प्यावर बदलले. दरवाजाच्या पत्र्यातील अडचण मात्र कायम राहिली. तिचे उत्तर ग्राहकाने मोजलेल्या किमतीपेक्षा बसविणाऱ्याच्या हातात अधिक होते. शोधकांची व कंपन्यांची नावे इतिहासात नोंदली गेली. छिद्रे बुजविणाऱ्या, कडे घट्ट करणाऱ्या आणि कानाने ध्वनी जुळविणाऱ्या कारागिराची नोंद क्वचितच झाली. तंत्रज्ञानाचा इतिहास केवळ शोधांच्या तारखांवर लिहिला गेला, तर हे श्रम व हे ज्ञान दोन्ही त्याबाहेर राहतात. मिडबासचा हा लहानसा प्रश्न म्हणूनच तंत्रज्ञानाच्या इतिहासलेखनाच्या पद्धतीविषयीही पुनर्विचार करावयास लावणारा आहे.