यंत्र राबतं, काम मात्र होत नाही

आज आपण संगणकाच्या इतिहासातल्या एका चमत्कारिक दुखण्याकडे बघणार आहोत. 1960च्या दशकात मोठ्या संगणकांवर एकाच वेळी अनेकांचे प्रोग्रॅम चालवायला सुरुवात झाली. समजा, चार प्रोग्रॅम सुरळीत चाललेत. पाचवा आत घेतला, की पाचव्याबरोबर आधीचे चारही रखडायचे. कुठला भाग बिघडलेला नसायचा, प्रोग्रॅममध्ये चूकही सापडायची नाही. या दुखण्यामुळे एक मोठी कल्पना मोडीत निघायची वेळ आली होती. ती कल्पना म्हणजे व्हर्च्युअल मेमरी.

आधी थोडं मागे जाऊ. त्या काळी मुख्य मेमरी चुंबकीय कड्यांची असे. तिला कोअर मेमरी म्हणत. ती वेगवान, पण फार महाग. बाकीचा साठा फिरत्या चुंबकीय ड्रमवर. तो स्वस्त, पण संथ. प्रोग्रॅम मुख्य मेमरीत मावत नसेल, तर प्रोग्रॅमरनेच त्याचे तुकडे पाडायचे आणि कुठला तुकडा केव्हा आत आणायचा, केव्हा बाहेर काढायचा, हेही त्यानेच ठरवायचं. मूळ गणित राहायचं बाजूला आणि ही हलवाहलवी करण्यातच जीव मेटाकुटीला यायचा.

मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे ओझं यंत्रावर टाकलं. त्यांचा अ‍ॅटलस संगणक डिसेंबर 1962मध्ये सुरू झाला. त्यात मुख्य मेमरी 16 हजार शब्दांची आणि ड्रम 96 हजार शब्दांचा, असा ढोबळ हिशेब धरा. सगळा साठा 512 शब्दांच्या पानांत विभागलेला. म्हणजे मुख्य मेमरीत एका वेळी फक्त 32 पानं मावायची. प्रोग्रॅमरला मात्र सगळा साठा एकसंध असल्यासारखा दिसायचा. हवं ते पान आत नसेल, तर यंत्र स्वतःच ते ड्रमवरून आणायचं आणि त्यासाठी दुसरं एखादं पान बाहेर काढायचं.

कल्पना सुंदर होती. पण किंमत बघा. मुख्य मेमरीची एक फेरी सुमारे 2 मायक्रोसेकंदांची, तर ड्रमवरचं पान हाताशी यायला सरासरी 6 मिलिसेकंद. एका पानाची वाट बघेपर्यंत मुख्य मेमरी 3000 वेळा वाचून झाली असती! म्हणून प्रश्न आला, की बाहेर काढायचं ते कुठलं पान?

आयबीएमच्या लास्लो बेलाडी यांनी 1966मध्ये यावर मूलभूत अभ्यास प्रसिद्ध केला. जे पान सर्वांत उशिरा लागणार आहे ते काढणं उत्तम, हे त्यातलं आदर्श उत्तर. पण भविष्य कुणाला दिसतं? मग, जे आधी आलं ते आधी काढा, हा सोपा नियम घ्यावा का? त्यात एक गंमत निघाली. बेलाडी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 1969मध्ये ती मांडली. आपण कागदावर करून बघू शकतो. पानं या क्रमाने मागा: 1, 2, 3, 4, 1, 2, 5, 1, 2, 3, 4, 5. मेमरीत तीन जागा असतील तर 9 वेळा ड्रमकडे जावं लागतं. चार जागा दिल्या तर 10 वेळा! मेमरी वाढवली आणि काम वाढलं. म्हणजे नुसती मेमरी वाढवून प्रश्न सुटेलच, याची खात्री नव्हती.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. पीटर डेनिंग तेव्हा एमआयटीत पीएच.डी. करत होते. ऑक्टोबर 1967मध्ये टेनेसीतल्या गॅटलिनबर्ग इथे ऑपरेटिंग सिस्टिमवरची पहिली परिषद भरली. तिथे त्यांनी आपलं म्हणणं मांडलं, तेव्हा त्यांचं वय होतं 25. सगळे विचारत होते, कुठलं पान काढायचं? डेनिंग यांनी विचारलं, या प्रोग्रॅमला आत्ता कुठली पानं लागतात? प्रोग्रॅम सगळ्या पानांवर सारखा हिंडत नाही. काही काळ तो थोड्याच पानांत घोटाळतो आणि मग दुसरीकडे सरकतो. अलीकडच्या ठरावीक काळात त्याने वापरलेल्या पानांच्या संचाला त्यांनी नाव दिलं वर्किंग सेट.

1968मध्ये त्यांनी त्या दुखण्याचं निदानही मांडलं. त्याला थ्रॅशिंग म्हणतात. एका ओट्यावर दोन आचारी आहेत, असं समजा. पहिल्याला जागा हवी म्हणून तो दुसऱ्याचं पातेलं खाली ठेवतो. दुसरा ते पुन्हा वर घेतो आणि पहिल्याची परात खाली जाते. दोघंही घामाघूम, आणि शिजत काहीच नाही! संगणकात हेच होतं. प्रत्येक प्रोग्रॅम दुसऱ्याचं चालू पान हुसकावतो आणि सगळे ड्रमच्या दारात रांग लावतात. प्रोसेसर रिकामा दिसतो. तो रिकामा दिसला, की व्यवस्था आणखी एक प्रोग्रॅम आत घेते आणि आगीत तेल पडतं.

उपाय साधा होता, पण मानायला जड. ज्याचा वर्किंग सेट मेमरीत मावत नाही, त्याला आत घ्यायचंच नाही; थांबवायचं. थोड्यांना थांबवलं, तर एकूण काम जास्त होतं. आयबीएमच्याच डेव्हिड सेअर यांनी 1969मध्ये सहकाऱ्यांच्या मोजमापांच्या आधारे दाखवलं, की थोडी काळजी घेतली तर पानांची स्वयंचलित व्यवस्था समाधानकारक चालते. हातानेच मांडणी करावी, हा आग्रह त्यानंतर ओसरत गेला. ऑगस्ट 1972मध्ये आयबीएमने आपल्या सिस्टिम/370 मालिकेसाठी व्हर्च्युअल मेमरी जाहीर केली.

प्रत्येक प्रोग्रॅमचा वर्किंग सेट तंतोतंत मोजणं खर्चिक असतं, म्हणून प्रत्यक्षात अंदाजाच्या स्वस्त पद्धती वापरल्या जातात. तत्त्व मात्र टिकलं. आपल्या खिशातल्या फोनची मेमरी अ‍ॅटलसच्या हजारो पट आहे. तरीही ती भरत आली, की मागे पडलेलं एखादं अ‍ॅप फोन आपोआप बंद करतो. आपल्याला वाटतं, फोन कमी पडला. खरं तर समोरचं काम चालू राहावं म्हणून त्याने कुणाला तरी थांबवलेलं असतं. वेग वाढवायला कधी कधी नाही म्हणावं लागतं, हे संगणकाला शिकवायला बरीच वर्षं लागली. आपण इथे थांबू.