खाडिलकर, रोहिणी
(जन्म १९६३, मुंबई). भारतीय बुद्धिबळपटू, महिला आंतरराष्ट्रीय मास्टर, पाच वेळा राष्ट्रीय महिला विजेती व दोन वेळा आशियाई विजेती. नाटककार कृ. प्र. खाडिलकर यांनी १९२३ साली सुरू केलेले ‘नवाकाळ’ हे दैनिक ज्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या चालविले, त्याच घराण्यात संपादक नीलकंठ खाडिलकर यांची कन्या म्हणून त्यांचा जन्म झाला. १९७४ साली बंगळूर येथे भरलेल्या पहिल्या राष्ट्रीय महिला स्पर्धेचे विजेतेपद थोरल्या वासंतींनी मिळविले, आणि त्यानंतरच्या दशकात या स्पर्धेवर वासंती, जयश्री व रोहिणी या तिघी भगिनींचेच वर्चस्व राहिले. रोहिणींनी १९७६ साली, वयाच्या अवघ्या तेराव्या वर्षी, ते पद प्रथम पटकाविले.

परंतु त्याच वर्षी घडलेला दुसरा प्रसंग अधिक दूरगामी होय. पुरुषांच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत उतरणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. यावर मोठे काहूर माजले, हरकती निघाल्या, उच्च न्यायालयात दाद मागावी लागली, आणि अखेर जागतिक बुद्धिबळ महासंघाचे तत्कालीन अध्यक्ष, माजी जगज्जेते माक्स यूव्हे यांनी, स्त्रियांना राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा स्पष्ट निर्वाळा दिला. वस्तुतः वजीर, हत्ती, उंट यांच्या चालींत खेळणाऱ्याच्या लिंगाचा संबंध कोठेच येत नाही; तरीही एवढी साधी गोष्ट मान्य करवून घेण्यास एका शाळकरी मुलीला न्यायासनापर्यंत जावे लागले, हे विसरता कामा नये. प्रस्तुत नोंदीच्या दृष्टीने त्यांच्या सर्व पदकांहून ही कमाई थोर आहे.

१९८१ साली हैदराबाद येथे त्यांनी एकही डाव न गमावता आशियाई अजिंक्यपद जिंकले. १९८३ साली क्वालालंपूर येथे त्यांनी आशियाई पद पुन्हा मिळविले. अर्जुन पुरस्कार त्यांना १९८० सालचा लाभला.

घरातूनच खेळाचा वारसा मिळण्याचे उदाहरण जर्मनीतही आढळते. एर्फुर्ट येथे १९८५ साली जन्मलेली एलिझाबेथ पेट्स ही ग्रँडमास्टर पित्याची कन्या. ती जर्मनीची पहिली स्त्री ग्रँडमास्टर ठरली. महाराष्ट्रात खाडिलकर भगिनींनंतर सांगलीच्या भाग्यश्री साठे-ठिपसे यांनी राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा मिळविले, आणि २०२५ साली नागपूरच्या दिव्या देशमुखने बातुमी येथे महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर किताबही हस्तगत केला.

स्पर्धात्मक खेळातून निवृत्त झाल्यावर रोहिणींनी मुद्रणशास्त्राचे शिक्षण घेतले आणि घरच्या वृत्तपत्रव्यवसायात शिरून ‘संध्याकाळ’ या सायंदैनिकाच्या संपादनाची धुरा सांभाळली.