संपादन गाळणीची बहुओळी अट

संपादन गाळणी म्हणजे विकिपीडियावर जतन होऊ पाहणाऱ्या प्रत्येक बदलाला लावली जाणारी अट. ती खरी ठरली की बदलाची नुसती नोंद होते, त्याला खूण लागते, सदस्याला इशारा मिळतो किंवा बदल अडवला जातो. मीडियाविकीची ही सोय मार्च 2009मध्ये इंग्रजी विकिपीडियावर आली. 1 मे 2003 रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावरही ती वापरात आहे. ‘अलीकडील बदल’मध्ये दिसणारी ‘अमराठी मजकूर’ ही खूण तिचीच. अट एका ओळीत लिहिली काय किंवा वीस ओळींत, यंत्राला फरक पडत नाही. त्यामुळे मांडणी ही ज्याच्या-त्याच्या आवडीची बाब मानली जाते. पण गाळणी अनोळखी माणसाच्या लेखनावर निर्णय देते, आणि जी अट दुसऱ्याला वाचता येत नाही ती तपासताही येत नाही.

बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषांत ‘आणि’चे चिन्ह (&) ‘किंवा’च्या चिन्हाआधी (|) सोडवले जाते. गाळणीच्या भाषेत दोघांचा दर्जा सारखा असून सोडवणूक डावीकडून उजवीकडे होते. म्हणजे ‘क | ख & ग’ याचा अर्थ ‘(क | ख) & ग’. समजा, क म्हणजे मोठा मजकूर वगळला, ख म्हणजे संदर्भ काढले आणि ग म्हणजे खाते नवे आहे. मजकूर कुणीही वगळला तरी पकडायचा आणि संदर्भांपुरते फक्त नव्या खात्यांकडे पाहायचे, असा हेतू असेल, तर ही अट जुन्या खात्याने केलेली वगळणूक बिनबोभाट सोडून देते. चूक कुठेच दाखवली जात नाही. ‘ख & ग’ कंसात घालून वेगळ्या ओळीवर घेतले की हेतू आणि अर्थ एक होतात.

मराठीत आणखी एक अडचण आहे. व्हेरिएबलचे नाव रोमन अक्षरांतच द्यावे लागते, म्हणून अटीमागचे कारण अटीच्या आतच मराठीत सांगायला टिप्पणीशिवाय जागा नाही. टिप्पणी मात्र हवी तशी लिहिता येते. ‘अमराठी’ ओळखायला युनिकोडचा देवनागरी विभाग, 0900 ते 097एफ, तपासला तर लिपी कळते, भाषा नाही. हिंदी मजकूर त्यातून सहज निसटतो. मग ‘है’, ‘और’ असे शब्द जोडावे लागतात, अवतरणे वगळावी लागतात आणि रेजेक्स, म्हणजे मजकुराशी ताडून पाहायचा नमुना, लांबत जातो. तो तोडताना अवतरणचिन्हांच्या आत एंटर मारू नये, कारण ती नवी ओळ रेजेक्सचाच भाग होते. तुकडे वेगवेगळ्या अवतरणांत ठेवून अधिकच्या चिन्हाने जोडावेत. साच्यांत मोकळ्या जागेचा जाच याहून मोठा: नावाच्या पॅरामीटरभोवतीची मोकळी जागा गळून पडते, बिननावाच्या पॅरामीटरची तशीच राहते. त्यामुळे साचे लिहून तयार झालेला हात ओळ तोडायला कचरतो. गाळणीत अवतरणांबाहेर ती भीती निराधार आहे.

अटीच्या तुकड्यांना व्हेरिएबलची नावे देण्यामुळे गाळणी मंदावते, हा आक्षेप अर्धा खरा आहे. अट डावीकडून तपासताना उत्तर ठरले की पुढचे भाग सोडले जातात. पण रेजेक्सचा निकालच सुरुवातीला व्हेरिएबलमध्ये साठवला तर तो प्रत्येक संपादनाला काढावा लागतो. म्हणून व्हेरिएबलमध्ये निकालाऐवजी रेजेक्सचा मजकूर ठेवावा, आधी नामविश्व आणि खात्याची संपादनसंख्या यांसारख्या स्वस्त अटी तपासाव्यात आणि शेवटी तो रेजेक्स लावावा. वाचनीयतेला त्याने काहीच बाधा येत नाही. दुसरा आक्षेप असा, की सोपी अट उपद्रवी माणसालाही कळेल. त्यासाठी गाळणी खासगी ठेवण्याची वेगळी सोय आहे, आणि क्लिष्ट लिहून आधी अडतो तो पुढचा प्रचालक. प्रत्येक गाळणीच्या जुन्या आवृत्त्या इतिहासात राहतात; अटी ओळीओळीने लिहिलेल्या असतील, तर कोणती अट कधी बदलली हे दोन आवृत्त्या शेजारी ठेवताच दिसते.