२१ मे १६८८ : कवी अलेक्झांडर पोप यांचा जन्म

लंडनमधल्या एका कापड व्यापाऱ्याच्या घरी आजच्या दिवशी अलेक्झांडर पोप जन्मला. घराणे कॅथलिक, त्यामुळे त्या काळच्या कायद्याने विद्यापीठाचे दार बंद. लहानपणी मणक्याला क्षयाने ग्रासले. पाठीला कुबड आले, उंची जेमतेम साडेचार फुटांवर थांबली. बहुतेक शिक्षण त्याने घरी, पुस्तकांतूनच मिळवले.

वयाच्या तेविसाव्या वर्षी, १७११ मध्ये, त्याचा समीक्षेवरचा पद्य निबंध प्रसिद्ध झाला. चूक होणे, क्षमा करणे, अर्धवट ज्ञानाचा धोका यांविषयी इंग्रजी माणूस आज जे सहज बोलून जातो, ते याच निबंधातले. तुकोबांच्या ओळी जशा आपल्या बोलण्यात म्हणी होऊन बसल्या, तसेच हे झाले.

पण पोपचा खरा जिव्हाळा मला दिसतो तो ‘द रेप ऑफ द लॉक’मध्ये. एका उमरावाने एका तरुणीच्या केसांची बट कापली आणि दोन घराण्यांत वितुष्ट आले. हसून हे मिटावे म्हणून मित्राने पोपला कविता लिहायला सांगितले. त्याने त्या क्षुल्लक भांडणाला महाकाव्याचा थाट दिला. रुसवा काढण्यासाठी इतकी देखणी कविता क्वचितच लिहिली गेली असेल.

पुढे वर्गणीदार जमवून त्याने होमरच्या ‘इलियड’चा अनुवाद केला (१७१५-२०) आणि केवळ लेखणीच्या कमाईवर स्वतंत्र जगला. ट्विकेनहॅमला थेम्सकाठी त्याने घर व बाग उभारली. तिथेच ३० मे १७४४ रोजी त्याचे निधन झाले. घर १८०८ मध्ये पाडले गेले. घरातून बागेकडे नेणारे त्याचे भुयार मात्र अजून आहे.