मुर्तदा फॉल

मुर्तदा सेरिन फॉल (जन्म : २६ डिसेंबर १९८७) हा सेनेगलचा व्यावसायिक फुटबॉलपटू असून मध्य बचावपटू म्हणून ओळखला जातो. मोरोक्कोमधील क्लबांकडून खेळल्यानंतर तो २०१८ मध्ये भारतात आला आणि इंडियन सुपर लीग (आयएसएल) स्पर्धेत एफसी गोवा, मुंबई सिटी एफसी व ओडिशा एफसी या तीन संघांकडून खेळला. आयएसएलच्या इतिहासात सर्वाधिक गोल करणाऱ्या बचावपटूचा मान त्याच्याकडे आहे. बचावपटूचे मूळ काम गोल होऊ न देण्याचे. त्या कामाची मोजदाद गुणफलकावर होत नाही, त्यामुळे फॉलची कीर्ती त्याच्या दुय्यम कामावर उभी राहिली आहे, ही गोष्ट त्याची कारकीर्द वाचताना ध्यानात ठेवावी लागते.

पार्श्वभूमी

पश्चिम आफ्रिकेतील गुणी बचावपटूंची वाट बहुधा युरोपकडे जाते. घानाचा सॅम्युएल कुफोर २००१ मध्ये बायर्न म्युनिककडून चॅम्पियन्स लीग जिंकला. आयव्हरी कोस्टचा कोलो टूरे २००३-०४ च्या मोसमात इंग्लंडमधील साखळीत अपराजित राहिलेल्या आर्सेनलच्या बचावफळीत होता. मायदेशी खेळून मोठे वेतन मिळत नाही, म्हणून शेकडो तरुण हीच वाट धरतात. त्यांतील थोडेच तिथवर पोहोचतात. उरलेल्यांची व्यावसायिक कारकीर्द उत्तर आफ्रिका, आखाती देश आणि आशिया यांत घडते. फॉल हा या दुसऱ्या वाटेचा प्रवासी होय.

मोरोक्कोत तो मोगरेब तेतुआन या क्लबकडून खेळला. तेतुआन हे शहर १९५६ पर्यंत मोरोक्कोतील स्पॅनिश अंमलाखालील प्रदेशाची राजधानी होते. तेथील क्लब १९५१-५२ च्या मोसमात चक्क स्पेनच्या पहिल्या श्रेणीच्या साखळीत खेळला होता. सामुद्रधुनीपलीकडे युरोप हाकेच्या अंतरावर, अशा या गावी फॉलचा खेळ आकाराला आला. याच क्लबने २०११-१२ मध्ये प्रथम आणि २०१३-१४ मध्ये पुन्हा मोरोक्कोची साखळी जिंकली. फॉल विदाद कासाब्लांका या मोठ्या क्लबकडूनही खेळला.

तेतुआनचे महत्त्व त्याच्या भारतातील वाटचालीसाठी आणखी एका कारणाने आहे. स्पॅनिश प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांनी काही काळ या क्लबला मार्गदर्शन केले होते आणि मोरोक्कोचा मध्यरक्षक अहमद जाहू हाही तेथे खेळलेला होता. हे तिघे पुढे गोवा, मुंबई आणि भुवनेश्वर या तिन्ही ठिकाणी एकत्र दिसतात. आयएसएलमध्ये परदेशी खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा असते (मैदानावर एका वेळी आधी पाच, २०२१-२२ पासून चार). अशा मोजक्या जागा संघ सहसा आघाडीपटूंवर खर्च करतात. लोबेरा यांनी मात्र प्रत्येक ठिकाणी त्यांतील एक जागा फॉलसाठी राखली.

एफसी गोवा (२०१८-२०२०)

गोव्याचा संघ आक्रमक खेळासाठी प्रसिद्ध होता, पण त्याच्या बचावफळीत भोके होती. फॉलच्या आगमनाने ती बऱ्याच अंशी बुजली. शिवाय कॉर्नर किक व फ्री किकच्या वेळी तो प्रतिस्पर्ध्याच्या गोलक्षेत्रात जाऊन उभा राहू लागला. जाहूने किंवा ब्रँडन फर्नांडिसने चेंडू उचलून द्यायचा आणि फॉलने तो डोक्याने जाळ्यात धाडायचा, हा प्रकार प्रेक्षकांना लवकरच परिचयाचा झाला.

९ मार्च २०१९ रोजी मुंबईत अंधेरी येथे झालेल्या उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात गोव्याने मुंबई सिटीला ५-१ असे हरवले. त्यांतील दोन गोल फॉलचे होते. अंतिम सामनाही मुंबईतच, १७ मार्च रोजी बंगळूर एफसीशी झाला. निर्धारित वेळेत एकही गोल झाला नाही. जादा वेळेत जाहूला लाल कार्ड मिळाले आणि ११७ व्या मिनिटाला कॉर्नर किकवर राहुल भेकेने हेडर मारून बंगळूरला विजेतेपद मिळवून दिले. भेके हा मुंबईचा मराठी खेळाडू आणि तोही बचावपटूच. फॉलचे हुकमी अस्त्र त्या दिवशी त्याच्याच संघावर उलटले. पुढे हे दोघे मुंबई सिटीच्या बचावफळीत सहकारी झाले.

त्यानंतर १३ एप्रिल २०१९ रोजी भुवनेश्वर येथे चेन्नईयन एफसीला २-१ असे नमवून गोव्याने सुपर कप जिंकला. पुढील मोसमात लोबेरा यांना मध्येच पद सोडावे लागले. क्लिफर्ड मिरांडा यांनी सूत्रे हाती घेतली. १९ फेब्रुवारी २०२० रोजी जमशेदपूरवर ५-० असा विजय मिळवून गोव्याने साखळीतील अव्वल संघाला दिली जाणारी शील्ड पटकावली. त्यायोगे एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत प्रवेश मिळवणारा गोवा हा पहिला भारतीय क्लब ठरला. मात्र एप्रिल २०२१ मध्ये ती स्पर्धा प्रत्यक्ष खेळली गेली, तोपर्यंत फॉल, जाहू, ह्यूगो बूमू आणि मंदार राव देसाई हे चौघेही गोवा सोडून मुंबईला गेले होते. ज्यांनी पात्रता मिळवून दिली त्यांच्यावाचून गोव्याला खेळावे लागले. व्यावसायिक खेळात याला कोणी अन्याय म्हणत नाही, पण गोमंतकीय पाठीराख्यांना ते लागले खरे.

मुंबई सिटी एफसी (२०२०-२०२३)

करोनाच्या साथीमुळे २०२०-२१ चा संपूर्ण मोसम गोव्यातच, फातोर्डा, वास्को व बांबोळी येथील मैदानांवर प्रेक्षकांविना झाला. म्हणजे फॉल मुंबईचा झाला तरी खेळत राहिला गोव्यातच. २८ फेब्रुवारी २०२१ रोजी एटीके मोहन बागानविरुद्धच्या शेवटच्या साखळी सामन्यात शील्ड पणाला लागली होती. सातव्या मिनिटाला जाहूच्या फ्री किकवर फॉलने हेडरद्वारे पहिला गोल केला, नंतर बार्थोलोम्यू ओगबेचेने दुसरा केला आणि मुंबईने २-० असा विजय मिळवला. दोन्ही संघांचे प्रत्येकी ४० गुण झाले, परंतु परस्परांतील लढतींच्या निकालावर शील्ड मुंबईला मिळाली.

उपांत्य फेरीत गाठ पडली ती गोव्याशी. ५ मार्चच्या पहिल्या सामन्यात मुंबई १-२ अशी मागे असताना बरोबरीचा गोल फॉलनेच केला. दोन वर्षांपूर्वी याच टप्प्यावर त्याने गोव्यासाठी मुंबईवर गोल केले होते. दुसरा सामना गोलशून्य राहिला आणि पेनल्टी शूटआऊटमध्ये मुंबई ६-५ अशी सरस ठरली. १३ मार्च रोजी फातोर्डा येथे मोहन बागानला २-१ असे हरवून मुंबईने विजेतेपदही मिळवले. शील्ड आणि करंडक एकाच मोसमात जिंकणारा हा पहिला संघ होय.

२०२१-२२ मध्ये लोबेरा यांच्या जागी डेस बकिंगहॅम आले आणि फॉल कर्णधार झाला. साखळीत संघ पाचव्या स्थानी घसरला. १९ डिसेंबर २०२१ रोजी केरळ ब्लास्टर्सविरुद्धच्या ०-३ अशा पराभवात त्याला लाल कार्डही मिळाले. वेगवान आघाडीपटू पाठीमागे निसटला की उशिरा पाय घालणे, हा त्याच्या खेळातील दोष कायम राहिला. त्याच संघाने पुढे ११ एप्रिल २०२२ रोजी रियाध येथे इराकच्या अल-कुवा अल-जविया संघाला २-१ असे हरवले. एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत भारतीय क्लबने मिळवलेला तो पहिला विजय होता. २०२२-२३ मध्ये मुंबईने ४६ गुणांसह पुन्हा शील्ड जिंकली.

ओडिशा एफसी

२०२३ मध्ये लोबेरा ओडिशाचे प्रशिक्षक झाले आणि फॉल व जाहू त्यांच्यामागोमाग भुवनेश्वरला गेले. एएफसी कपमधील पहिल्याच सामन्यात, १९ सप्टेंबर २०२३ रोजी, मोहन बागानने ओडिशाचा ४-० असा धुव्वा उडवला आणि फॉलला मध्यंतराआधीच मैदान सोडावे लागले. येथून सावरून ओडिशाने २७ नोव्हेंबरला कोलकात्यात मोहन बागानला ५-२ असे हरवले. ११ डिसेंबर रोजी कलिंग स्टेडियमवर बांगलादेशच्या बसुंधरा किंग्जशी गटातील निर्णायक सामना झाला. त्यात एकच गोल झाला, तो फॉलचा. त्या गोलाने ओडिशा गटविजेता ठरला. २८ जानेवारी २०२४ रोजी त्याच मैदानावर सुपर कपचा अंतिम सामना ईस्ट बंगालविरुद्ध रंगला. फॉलला लाल कार्ड मिळाल्यानंतरही ओडिशाने भरपाई वेळेत जाहूच्या पेनल्टीवर २-२ अशी बरोबरी साधली, पण जादा वेळेत ईस्ट बंगालने ३-२ असा विजय मिळवला.