दुसरा ‘ह’ आणि मुन्शी घाट : लाघवाची मर्यादा

वाराणसीतील तीन घाट घ्यावेत : श्रीधर नारायण मुन्शी यांच्या नावाचा मुन्शी घाट, हरिश्चंद्र घाट आणि मणिकर्णिका घाट. तक्त्यात त्यांचे चार गुणधर्म नोंदवावेत : गंगेचा पश्चिम तीर, व्यक्तीचे नाव, दशाश्वमेधाच्या दक्षिणेस असणे आणि स्मशान. पहिला गुणधर्म तिघांनाही लागू असल्याने तो कोणालाच वेगळे काढत नाही. दुसरा आणि तिसरा केवळ मुन्शी व हरिश्चंद्र यांना लागू होतात. म्हणून त्यांपैकी एक पुरे. चौथा मात्र वगळला, तर या दोन घाटांतील भेदच नाहीसा होतो. चार गुणधर्मांचे काम अशा रीतीने दोहोंत भागते.

या साध्या व्यवहाराला गणिती रूप लाभले त्याची मुळे 1982 या वर्षात आहेत. त्या वर्षी जर्मनीतील डार्मश्टाटचे रुडॉल्फ विले यांनी वस्तू आणि गुणधर्म यांच्या तक्त्यातून संकल्पनांचे जालक रचण्याची पद्धत मांडली. त्याच वर्षी पोलंडच्या झ्जिस्वाफ पावलाक यांचा ‘रफ सेट’ सिद्धांत प्रसिद्ध झाला. कोणते गुणधर्म गाळले तरी वस्तूंमधील भेद टिकतो, हा त्यातील एक मध्यवर्ती प्रश्न होय. पुढे 2005 मध्ये चीनमधील झांग वेनश्यू, वेई लिंग आणि छी ज्येनजून यांनी हाच प्रश्न जालकाला विचारला. जालकाची रचना अबाधित ठेवून त्यांनी गुणधर्मांचे तीन वर्ग केले : सर्वथा आवश्यक, सापेक्ष आवश्यक आणि सर्वथा अनावश्यक. घाटांच्या तक्त्यात हे तिन्ही वर्ग आढळतात.

लाघवाची ओढ काशीला अपरिचित नव्हती. मराठी घराण्यातील नागेशभट्ट काळे यांनी काशीत ‘परिभाषेन्दुशेखर’ रचला. त्यातील एका परिभाषेनुसार, अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणास पुत्रजन्माचा आनंद होतो. हा अर्थात रफ सेट सिद्धांत नव्हे. परंतु त्याच परंपरेतील चौदा शिवसूत्रांत ‘ह’ हा वर्ण दोनदा येतो. इतक्या काटकसरीत ही पुनरुक्ती कशासाठी?

2004 मध्ये जर्मनीच्या वीब्के पेटरसन यांनी संकल्पना-जालकाच्याच साहाय्याने याचे उत्तर दिले. पाणिनीला हवे असलेले वर्णगट सलग मांडावयाचे, तर एखादा वर्ण दोनदा घेतल्यावाचून गत्यंतर नाही आणि त्यासाठी ‘ह’ची निवड योग्यच ठरते. घाटांच्या तक्त्यातील स्मशानाचा रकाना आणि शिवसूत्रांतील दुसरा ‘ह’ या अर्थाने सारखेच आहेत : काढले की रचना मोडते.