किल्लीविना गाडी अडली, टाकीचं झाकण उघडेना? पार्ट बदलण्याआधी एवढं तपासा

पोखर्णी : परभणी-गंगाखेड रस्त्यावरच्या गावांत आता बिनकिल्लीच्या स्कूटीही दिसू लागल्या आहेत. होंडाने जानेवारी २०२३ मध्ये अ‍ॅक्टिव्हाचं ‘एच-स्मार्ट’ मॉडेल आणलं, तेव्हापासून ही सोय साध्या घरापर्यंत आली. किल्ली खिशात असली की झालं. गोल नॉब फिरवायचा, बटन दाबायचं, गाडी चालू. पण या गाडीत पेट्रोलच्या टाकीचं झाकणसुद्धा त्याच किल्लीच्या भरवशावर उघडतं. किल्ली रुसली तर गाडी तर अडतेच, पंपावर उभं राहून पेट्रोलही भरता येत नाही.

आधी हे चालतं कसं ते समजून घ्या, म्हणजे बिघाड कुठे आहे ते हेरता येतं. नॉब दाबला की गाडी एक बारीक सिग्नल सोडते. साधारण २ मीटरच्या आत किल्ली असेल तर ती उलट सिग्नल देते, गाडी तिला ओळखते आणि कुलूप सोडते. अ‍ॅक्टिव्हात त्यानंतर २० सेकंद काहीच हालचाल झाली नाही तर यंत्रणा पुन्हा बंद होते. पंपावर गप्पा मारत उभं राहिलं आणि मग झाकण उघडलं नाही, तर तो बिघाड नाही. नॉब पुन्हा दाबा.

खरंच काही होत नसेल तर पहिली तपासणी फुकटची आहे : घरातली दुसरी किल्ली आणून बघा. दुसरीने गाडी चालली तर पहिलीचा सेल संपलाय. हा घड्याळासारखा चपटा सेल असतो, बऱ्याच चाव्यांत सीआर २०३२ नंबरचा. तरी जुना काढून दुकानात दाखवलेला बरा. दोन्ही किल्ल्यांनी काहीच झालं नाही तर संशय गाडीच्या बॅटरीवर घ्या. बॅटरी पार उतरली की नॉबही सुटत नाही आणि किक मारूनही उपयोग नसतो, कारण गाडीने किल्ली ओळखल्याशिवाय इंजिनला करंटच जात नाही. तिसरी शक्यता जागेची. मोबाइल टॉवर किंवा विजेच्या सबस्टेशनजवळ सिग्नल गोंधळतो, आणि किल्ली मोबाइलला चिकटून एकाच खिशात असेल तरीही तसंच होतं. मोबाइल बाजूला काढा, गाडी थोडी पुढे ढकला, मग बघा.

काही गाड्यांबरोबर नंबर लिहिलेला छोटा टॅग मिळतो. किल्ली हरवली किंवा बंद पडली तर त्या नंबरावरून गाडी चालू करायची पद्धत पुस्तिकेत असते. त्या टॅगचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, टॅग मात्र गाडीच्या डिकीत ठेवू नका. अजून एक : गाडी ओसरीत आणि किल्ली दाराजवळच्या खुंटीला, अशी सवय आपल्याकडे आहे. दोन्हींत २ मीटरचं अंतर नसेल तर कुणीही नॉब फिरवून गाडी नेऊ शकतो. किल्ली आतल्या खोलीत ठेवा.

आता साध्या किल्लीच्या मोटारसायकली. गावात त्याच जास्त आहेत आणि झाकणाचा त्रासही त्यांनाच जास्त. शेतरस्त्यावरची बारीक माती कुलपाच्या भोकात जाते, पावसात चिखल होतो, मग किल्ली फिरत नाही. जोर लावला की किल्ली आत तुटते. त्याऐवजी एका हाताने झाकण खाली दाबून धरा आणि मग किल्ली फिरवा, आतल्या खिटीवरचा ताण निघतो. भोकात इंजिन ऑइल किंवा ग्रीस घालू नका, त्याला माती आणखी चिकटते. पेन्सिलीच्या शिशाची पूड चालते. स्क्रू-ड्रायव्हरने झाकण उचकटणं तर अजिबात नको. पेट्रोलची वाफ एका ठिणगीने पेटते.

झाकणाचा दुसरा आजार इंजिनच्या नावावर खपतो. गाडी दहा-पंधरा किलोमीटर बरी चालते, मग गचके खात बंद पडते. थोड्या वेळाने परत चालू होते. मिस्त्री प्लग बदलतो, कधी पेट्रोल पंपाची मोटरही बदलायला सांगतो. अशा वेळी गाडी बंद पडताच झाकण उघडून बघा. ‘फुस्स’ असा हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच चालू झाली, तर टाकीत हवा जायची वाट बंद आहे. ती वाट जुन्या गाड्यांत झाकणातच असते, बीएस-६ गाड्यांत त्यासाठी वेगळी नळी आणि डबा असतो. टाकी गळ्यापर्यंत भरली की पेट्रोल या डब्यात शिरतं. नृसिंह जयंतीच्या सुमाराला, वैशाखाच्या उन्हात, काठोकाठ भरलेली टाकी उन्हात उभी करणं म्हणूनच वाईट. २०२१ मध्ये पेट्रोलने शंभरी ओलांडली तेव्हा राज्यात परभणीचं नाव सगळ्यात पुढे होतं. असलं महाग पेट्रोल वाफ करून घालवायला कुणाला परवडतंय?

पावसाळ्यात झाकणाभोवतीच्या खोबणीत पाणी साचतं. ते बाहेर जायला बारीक भोक असतं, ते मातीने बुजलं आणि रबर कडक झालेलं असेल तर पाणी टाकीत उतरतं. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते पाणी ओढून घेतं आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून तळाशी बसतात. काचेच्या बाटलीत थोडं पेट्रोल काढून अर्धा तास ठेवा, आसपास विडी-काडी नको. दोन थर दिसले तर पंपवाल्याशी भांडायच्या आधी स्वतःच्या झाकणाचं रबर बघा. पंपावरच शंका असेल तर फिल्टर पेपरची तपासणी मागता येते, तो ग्राहकाचा हक्क आहे.

बीएस-६ गाडीत मीटरवर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा असतो. किल्ली फिरवली की तो लागतो, गाडी चालू झाली की विझायला हवा. लागूनच राहिला तर गाडीने बिघाडाचा कोड साठवलाय. मिस्त्रीला आधी तो कोड वाचायला लावा, कोणता निघाला ते बिलावर लिहून घ्या आणि पार्ट बदलला असेल तर जुना पार्ट मागून घ्या. नुसता कोड पुसला तर दिवा दोन दिवस विझतो आणि बिघाड तसाच असेल तर पुन्हा लागतो.